आधी काटा काढा

मधमाशी डसली तर काय करावे, याचा एक ठरीव सल्ला आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आला आहे आणि आता तो मोबाइलवरून फिरतो. रुतलेला काटा चिमटीत धरून उपटू नये. तसे केल्यास विषाची पिशवी दाबली जाते आणि उरलेसुरले विष अंगात जाते. म्हणून एटीएम कार्डाच्या किंवा सुरीच्या बोथट कडेने तो आडवा खरवडून काढावा. मग त्या जागी चुना लावावा, लोखंड घासावे, कांदा चोळावा. माश्या घोंगावत असतील तर हालचाल न करता उभे राहावे किंवा पालथे पडावे. अ‍ॅलर्जीची गोळी द्यावी, थोडी वाट पाहावी आणि त्रास वाढलाच तर दवाखाना गाठावा. यातली प्रत्येक सूचना काळजीपोटी आलेली असल्यामुळे तिला सहसा कोणी आव्हान देत नाही. ते दिले पाहिजे, कारण डंखाच्या बाबतीत सगळे काही वेळेवर अवलंबून असते. काटा काढायला हातात काही सेकंद असतात, चिडलेल्या मोहोळापासून दूर जायला एखाददुसरे मिनिट असते, आणि ज्याच्या शरीराला हे विष मुळीच सोसत नाही त्याला इंजेक्शन मिळायला कसाबसा पाव तास असतो. वरचा सल्ला मनापासून पाळणारा माणूस नेमका हाच वेळ हातचा घालवतो.

सुरुवात काट्यापासूनच करू. मधमाशीची नांगी हे अंडी घालण्याच्या अवयवाचे बदललेले रूप आहे, म्हणून डसते ती मादीच. नराला नांगी नसते. वाटेने चालताना आपल्याला डसते ती बहुतेक वेळा कामकरी माशी. तिचा काटा एकसंध दिसला तरी तीन भागांचा असतो. मधल्या पन्हळीवर दोन बारीक पाती बसवलेली असतात आणि त्यांच्या टोकांना मागे वळलेले दात असतात. ही पाती आळीपाळीने पुढे सरकतात. एक घट्ट रुतून बसले की दुसरे आणखी आत शिरते. माणसाची कातडी चिवट, त्यामुळे दात अडकतात. माशी उडू लागली की तिच्या पोटाचे टोक फाटते आणि नांगी, विषाची पिशवी, स्नायू व त्या स्नायूंना चालवणारी मज्जातंतूंची गाठ असा सगळा संच आपल्या अंगावर राहतो. माशी पुढे मरते, पण हा संच काम करतच राहतो. जवळून पाहिले तर काट्याच्या बुडाशी बाजरीच्या दाण्याहून लहान असा पांढुरका गोळा हलताना दिसतो. कार्डाने खरवडण्याचा सल्ला इथेच फसतो. विषाच्या पिशवीच्या भिंतीत आकुंचन पावणारे स्नायू नसतात, आणि पिशवी पिचकल्यामुळे विष आत जात नाही. सरकणाऱ्या पात्यांवरच्या झडपा विहिरीवरच्या हातपंपाच्या दट्ट्यासारखे विष खाली ढकलतात. त्यामुळे बोटांनी पिशवी दाबली जाईल की नाही हा प्रश्नच गौण ठरतो. दट्ट्या किती वेळ चालू राहिला, एवढेच मोजायचे.

हे मोजूनही पाहिलेले आहे. शूमाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले की पिशवीतले सुमारे नव्वद टक्के विष पहिल्या वीस सेकंदांत बाहेर पडते आणि मिनिटभरात पिशवी जवळजवळ रिकामी होते. त्यानंतर दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, व्हिशर, व्हेटर आणि कॅमेझिन या तिघा कीटकशास्त्रज्ञांनी खरवडणे आणि चिमटीत धरणे या दोन पद्धतींची थेट तुलना करून ती ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. डंख करवून घेतले ते स्वतःच्या हातावर, काटे काढले ते ठरावीक सेकंदांनी, आणि उठलेल्या गांधीचे क्षेत्रफळ मोजले. काटा खरवडून काढला की चिमटीने उपटला, याने गांधीच्या आकारात फरक पडला नाही. काटा काढायला जेवढा उशीर झाला तेवढी गांध मोठी झाली, आणि हा फरक काही सेकंदांच्या उशिरानेही दिसला. आता प्रत्यक्षातले चित्र डोळ्यांपुढे आणा. माणूस ओरडतो, पाठीवरची पिशवी उतरवतो, पाकीट शोधतो, त्यातून कार्ड काढतो, दुसऱ्याला हात धरायला सांगतो. एवढे होईपर्यंत वीस सेकंद कधीच सरलेले असतात. जे विष अंगात जाऊ नये म्हणून कार्ड शोधले, त्यातले बहुतेक कार्ड सापडण्याआधीच आत गेलेले असते.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही ऐकून घेण्यासारखे आहेत. पहिला असा की हा प्रयोग लहान होता, मूठभर माणसांवर झाला. खरे आहे. पण खरवडणेच बरे असे सांगणाऱ्यांच्या बाजूने तेवढाही प्रयोग नाही. त्यांच्या बाजूने आहे ती पिशवी पिचकण्याची कल्पना, आणि नांगीची रचना त्या कल्पनेला आधार देत नाही. दुसरा आक्षेप अधिक धारदार आहे. मिनिटभरात सगळे विष संपणारच असेल, तर मिनिटानंतर काटा काढून उपयोग काय? विषाच्या दृष्टीने फारसा नाही, हे मान्य केलेच पाहिजे. तरी काटा काढावाच, कारण आत राहिलेला तुकडा कातडीला त्रास देत राहतो आणि काट्याला चिकटलेला वास इतर माश्यांना बोलावत राहतो. पण या आक्षेपातून कार्डाची बाजू सावरत नाही, उलट ती आणखी पडते. पहिले काही सेकंद एवढे मोलाचे असतील तर नखाने, बोटांनी, ओढणीच्या टोकाने, जे हाताशी असेल त्याने काटा उडवून टाकणे हाच एक मार्ग उरतो. आणि काटा दिसलाच नाही तर तो शोधत बसू नये. गांधीलमाशीच्या नांगीचे दात बारीक असतात, ती काटा मागे ठेवत नाही आणि पुन्हा पुन्हा डसू शकते.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. मधमाशीच्या डंखात आम्ल असते म्हणून त्यावर चुन्यासारखा क्षार लावावा, हे तर्कशास्त्र शाळेच्या रसायनशास्त्रातून आले आहे. विष किंचित आम्लधर्मी असते हे खरे, पण वेदना होते ती आम्लामुळे नव्हे. विषाच्या सुकलेल्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग मेलिटिन नावाच्या प्रथिनाचा असतो आणि ते पेशींची आवरणे फोडते. त्याच्या जोडीला पेशींमधला लगदा सैल करून विषाला वाट करून देणारे एक विकर असते, आणि अ‍ॅलर्जीचे मुख्य कारण ठरणारे फॉस्फोलायपेज असते. एका डंखातले हे सगळे द्रव्य एक मिलिग्रॅमच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास भरते आणि ते कातडीच्या खाली गेलेले असते. कातडीवर थापलेला चुना तिथवर पोचत नाही, पोचतो तो फक्त कातडी पोळवायला. शेण किंवा माती लावणे तर उघड्या जखमेत घाण भरणे आहे. तरीही आजीच्या उपायाने गुण आला असे लोक सांगतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. बहुतेक डंख काही तासांत आपोआप शमतात. त्या काळात जे लावले असेल त्याला श्रेय मिळते. थंड पाण्याची पट्टी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ खरोखर उपयोगी आहे. हाताला डंख झाला असेल तर अंगठी, बांगड्या, कडे लगेच उतरवावे, कारण सूज चढल्यावर ते कापून काढावे लागते. हे करून झाल्यावर कोणाला हळद लावायची असेल तर जरूर लावावी.

आता दुसरी गोष्ट, मोहोळापासून दूर जाण्याची. इथे आपण एका फार मोठ्या फरकाकडे काणाडोळा करतो. फुलावर बसलेली एकटी सातेरी किंवा झुडपातली फुलोरी, आणि कड्याला लटकलेले आग्या मोहोळ, यांना एकच नियम लावता येत नाही. ‘हलू नकोस, ती आपोआप जाईल’ हा वडीलधाऱ्यांचा शब्द एकट्या माशीपुरता अगदी बरोबर आहे. फुलावरची माशी मध गोळा करायला आलेली असते, तिला राखायला तिथे काही नसते. हात झटकला नाही तर ती डसत नाही. आग्या मोहोळाचे तसे नाही. ते पेटीत किंवा ढोलीत नसते, उघड्यावर असते. कड्याच्या ओठाखाली, उंच झाडाच्या फांदीला, पाण्याच्या टाकीच्या किंवा सज्जाच्या खाली एकच मोठे पोळे लोंबते आणि त्यावर हजारो माश्यांचा जिवंत पडदा असतो. झाकण नसल्यामुळे या माश्यांकडे बचावाचा एकच मार्ग उरतो: खूप जणींनी मिळून, लगेच आणि लांबवर पाठलाग करणे. गांधीलमाशी जवळ आली की या पडद्यावरून लाटा धावताना दिसतात. शेकडो माश्या ओळीने पोट वर उचलतात त्या या लाटा. चालणाऱ्याला अशा लाटा दिसल्या तर मोहोळ सावध आहे एवढे त्याने ओळखावे, आणि छायाचित्रासाठी न थांबता पुढे जावे.

एक माशी डसली की नांगीपाशी एक वास सुटतो. त्यातला मुख्य घटक, आयसोअमाइल अ‍ॅसिटेट, १९६२ साली ओळखला गेला. त्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. हा वास म्हणजे इतर माश्यांना दिलेली खूण आहे. तो कपड्यांना, केसांना, कातडीला लागतो आणि जिथे एक काटा रुतला तिथेच पुढचे काटे येतात. आग्या माश्यांच्या वासात याखेरीज अधिक काळ टिकणारा एक घटक असतो. म्हणून आग्या मोहोळ उठल्यावर पालथे पडून राहणे म्हणजे खूण लागलेले अंग मोहोळाच्या टप्प्यात ठेवणे होय. हात न झटकता, तोंड आणि मान जाकिटाने, ओढणीने, पंचाने झाकून तिथून ताबडतोब निघावे. वाटेत हाताला लागतील ते काटे ओरबाडून टाकावेत, पण त्यासाठी थांबू नये. बंद गाडी किंवा दार लावता येईल अशी खोली मिळेपर्यंत जात राहावे. पाण्यात उडी मारणे हा उपाय नव्हे. माश्या वर घिरट्या घालत राहतात, श्वासासाठी डोके वर आले की चेहऱ्यावर उतरतात, आणि घाबरलेला माणूस बुडू शकतो.

‘शिवनेरीच्या वाटेवर किंवा अजिंठ्याच्या लेण्यांसमोर पळायला सांगणे म्हणजे माणसाला दरीत लोटणे,’ असे कोणी म्हणेल, आणि त्या म्हणण्यात तथ्य आहे. आपल्या गडांच्या पायऱ्या झिजलेल्या, कठडे नसलेल्या आणि सुट्टीच्या दिवशी गर्दीने भरलेल्या असतात. चेंगराचेंगरी आणि पडणे या डंखांइतक्याच घातक गोष्टी आहेत. म्हणून ‘पळा’ हा शब्द सरसकट वापरणे मलाही पटत नाही. अरुंद वाटेवर भिंतीच्या बाजूने, डोके झाकून, भरभर पण पावले जपून खाली उतरणे एवढेच शक्य असते आणि तेच करावे. जवळ खोली, दरवाजाआडची देवडी किंवा लेण्याचा बंद होणारा भाग असेल तर तिथे आधी लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना न्यावे. पण या अडचणीतून निघणारा निष्कर्ष ‘तिथेच पडून राहा’ असा नाही. ज्या वाटेवर पळता येत नाही, त्या वाटेवर मोहोळ उठू न देण्याची जबाबदारी दुप्पट होते. शेकोटी, मशाल, फटाके, ढोलताशांचा दणदणाट, पोळ्यावर मारलेला दगड, धूर, कड्यापाशी उडवलेला ड्रोन यांपैकी कशामुळे मोहोळ बिथरेल हे दर वेळी सांगता येत नाही, पण यातल्या बहुतेक गोष्टी टाळणे माणसाच्या हातात असते. मोहोळघार पोळ्यावर झेपावली तर मात्र चालणाऱ्याचा काहीच दोष नसतो, आणि म्हणूनच पुढे काय करायचे हे प्रत्येकाला आधीपासून ठाऊक असायला हवे.

अशा प्रसंगांनंतर हमखास एक मागणी पुढे येते, की पोळी जाळून टाका. जीव गेला असेल तर त्या मागणीमागचा राग समजण्याजोगा आहे. तरी तिने सुरक्षितता वाढत नाही. जाळलेल्या पोळ्यातल्या ज्या माश्या वाचतात त्या दिवसभर त्याच कड्याभोवती घोंगावत राहतात, आणि त्या दिवशी तिथून जाणाऱ्याला सर्वाधिक धोका असतो. शिवाय आग्या माश्या हंगामी स्थलांतर करतात आणि पुढच्या हंगामात जुन्या जागी परत येतात; आसामात केलेल्या जनुकीय तपासणीने हे २००० साली दाखवून दिले. कडा तोच, निवारा तोच, म्हणून एक पोळे जाळले तरी जागा रिकामी राहील याची खात्री नाही. आपल्या रानातल्या आणि शेतातल्या कितीतरी झाडांचे परागीभवन या माश्या करतात. ज्या महाराष्ट्राने महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला २०२२ साली मधाचे गाव म्हणून पुढे आणले, जिथे पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, त्याच महाराष्ट्रात दुसऱ्या टोकाला पोळ्यांना काडी लावावी याचे मला वाईट वाटते. पण माझा मुख्य मुद्दा माश्यांवरच्या दयेचा नाही. जाळपोळीच्या मागणीत आपला सगळा आवेश खर्च होतो आणि ज्या कारणाने माणूस दगावला त्याची चौकशी राहून जाते.

ते कारण बहुतेक वेळा उशीर असते. डंखाने मृत्यू येतो तो दोन वाटांनी. एक वाट विषाच्या मात्रेची. निरोगी प्रौढाच्या बाबतीत शेकडो डंख झाले तर विष स्वतःच जिवावर बेतू शकते. लहान मुलाला त्याहून पुष्कळ कमी पुरतात. इथे फसवणूक अशी की माणूस पहिल्या दिवशी शुद्धीवर असतो, बोलतो, घरी जातो. मेलिटिन आणि फॉस्फोलायपेज स्नायूंच्या आणि रक्ताच्या पेशी फोडत असतात, त्यांचा कचरा मूत्रपिंडांत साठतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लघवी गडद किंवा कमी होते. भारतातल्या रुग्णालयांनी अशा मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णांच्या नोंदी वारंवार प्रसिद्ध केल्या आहेत. म्हणून खूप डंख झालेला माणूस बरा दिसत असला तरी त्याला रुग्णालयात ठेवून रक्त आणि लघवी तपासायलाच हवी. सापाच्या विषावर असते तसे प्रतिविष यावर आपल्याकडे मिळत नाही. उपचार शरीर सावरून धरण्याचा असतो आणि तो वेळेत सुरू झाला तरच कामाला येतो.

दुसरी वाट अ‍ॅलर्जीची, आणि तिला एकच डंख पुरतो. डंखाच्या जागेपासून लांब, सगळ्या अंगावर गांधी उठतात, ओठ आणि जीभ सुजते, आवाज बसतो, छाती घट्ट होते, पोटात मुरडा येतो, उलटी होते, डोळ्यांपुढे अंधारी येते. ब्रिटनमधल्या अशा मृत्यूंचा अभ्यास करून रिचर्ड पम्फ्री यांनी २००० साली दाखवले की कीटकदंशाच्या बाबतीत डंखापासून श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यक काळ अवघा पंधरा मिनिटांचा होता. ‘थोडी वाट पाहू’ या वाक्याची किंमत या आकड्यावरून कळते. त्यांच्याच पुढच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट समोर आली: रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला अचानक बसते किंवा उभे केले तेव्हा काही जण तत्काळ दगावले. आपल्याकडे गडावर चक्कर आलेल्या माणसाला दोघे खांद्याला धरून चालवत खाली आणतात. मोहोळापासून दूर नेल्यावर ही लक्षणे दिसली तर त्याला आडवे करून पाय वर उचलून ठेवावेत, धाप लागत असेल तर टेकवून बसवावे, आणि न्यायचे ते झोळीत किंवा स्ट्रेचरवर न्यावे.

या अवस्थेत पहिले औषध एकच आहे, अ‍ॅड्रेनॅलिन. प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम, मुलाला वजनाच्या किलोमागे एक शतांश मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त अर्धा, मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत. जागाही महत्त्वाची आहे. कॅनडात एस्टेल सायमन्स यांनी मुलांवर केलेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडीच्या स्नायूत दिलेले औषध रक्तात सरासरी आठ मिनिटांत शिखराला पोचले, कातडीखाली दिलेल्याला चौतीस मिनिटे लागली. आपल्या लहान दवाखान्यांत मात्र अजून पहिला हात अ‍ॅव्हिल या अ‍ॅलर्जीच्या औषधाकडे आणि स्टेरॉइडकडे जातो. अ‍ॅव्हिलसारखी औषधे खाज आणि गांधी कमी करतात. कोसळलेला रक्तदाब उचलत नाहीत, सुजलेला घसा मोकळा करत नाहीत. स्टेरॉइडचा परिणाम दिसायला तास लागतात. त्यांना दुय्यम जागा जरूर द्यावी. ‘अ‍ॅड्रेनॅलिनने हृदयावर ताण येतो, वयस्कांना कसे द्यायचे?’ ही डॉक्टरांचीच भीती असते. तिच्यामागे बहुधा शिरेतून दिलेल्या जास्त मात्रेचे अनुभव असतात. योग्य मात्रा स्नायूत दिली तर जीवघेण्या अ‍ॅलर्जीत तिला पूर्ण मज्जाव करणारे कारण नाही, आणि न देण्याचा धोका देण्याच्या धोक्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप पुढचा आहे. गडावर डॉक्टर कुठून आणणार, आणि डॉक्टर नसलेल्याच्या हातात इंजेक्शन कसे द्यायचे? २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिच्यात डॉक्टरही असतो, पण ती पायथ्यापर्यंतच येणार आणि पंधरा मिनिटांत येईलच असे नाही. परदेशात रुग्ण स्वतः टोचून घेऊ शकतो अशी तयार पेने असतात. आपल्याकडे ती सहज मिळत नाहीत आणि महाग पडतात. पण या कोंडीतून वाट आपल्याच आरोग्यव्यवस्थेने काढलेली आहे. लसीकरणाच्या सत्रात बाळाला लशीची जीवघेणी अ‍ॅलर्जी आली तर डॉक्टर येण्याआधी वयानुसार ठरलेली अ‍ॅड्रेनॅलिनची एक मात्रा देण्याचे प्रशिक्षण आणि मुभा आरोग्यसेविकेला आहे, आणि तिच्यासोबत त्यासाठीचा संच असतो. खेड्यातल्या अंगणवाडीत आरोग्यसेविका हे काम करू शकते, तर तिकीटखिडकी, पहारेकरी आणि कार्यालय असलेल्या पर्यटनस्थळावर दोन-तीन कर्मचाऱ्यांना तेच शिकवणे अशक्य कसे? घरोघरी मधुमेहाचे रुग्ण रोज स्वतःला इन्सुलिन टोचतात. सुई धरणे ही आता अनोळखी गोष्ट राहिलेली नाही. कुपी स्वस्त आहे, ती उजेडापासून आणि उन्हापासून जपावी लागते आणि मुदत संपली की बदलावी लागते, एवढाच तिचा खटाटोप.

असे मृत्यू विरळ असताना एवढा गाजावाजा का, असेही विचारले जाईल. विरळ आहेत हे बरोबर. शंभरातल्या बहुतेकांना डंखाने दोन दिवसांची सूज आणि खाज यापलीकडे काही होत नाही. दुसऱ्या दिवशी वाढलेली सूज म्हणजे पू झाला असे समजून प्रतिजैविकेही घेऊ नयेत. पण ज्यांचा जीव जातो त्यांच्यातल्या पुष्कळांना आधी कधी असा त्रास झालेला नसतो, त्यामुळे कोणाला जपायचे हे आधी ओळखता येत नाही. एकदा तीव्र अ‍ॅलर्जी होऊन जो वाचला, त्याचे मात्र ओळखता येते. त्याने पुढच्या भटकंतीआधी अ‍ॅलर्जीतज्ज्ञाला भेटावे, डॉक्टरांच्या सल्ल्याने कुपी आणि सिरिंज जवळ बाळगावी आणि सोबत्यांना ती वापरायला शिकवावी. गड चढणाऱ्या मंडळांनी नावनोंदणीच्या अर्जात रक्तगटाच्या रकान्याशेजारी मधमाशीच्या डंखाचा पूर्वानुभव विचारणारा रकाना घालावा. आग्या मोहोळांचा हंगाम साधारण पावसाळा सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत असतो, आणि नेमका हाच भटकंतीचा हंगामही असतो. तेव्हा पुरातत्त्व विभाग, वनविभाग आणि जिल्हा आरोग्य कार्यालय यांनी मोहोळे असलेल्या गडांची आणि लेण्यांची यादी दर वर्षी दिवाळीपूर्वी करावी, त्या प्रत्येक ठिकाणी संच आणि तो वापरू शकणारी दोन माणसे आहेत की नाहीत हे तपासावे, आणि जिथे नाहीत तिथल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे ती जबाबदारी लेखी सोपवावी.